जुन्या मोटारीचे आसनवस्त्र : प्रस्तावना

मोटारीविषयी लिहिणारा मनुष्य बहुधा यंत्राविषयी लिहितो, आणि यंत्राविषयी लिहून झाले म्हणजे रंगाविषयी लिहितो. परंतु ज्या एकाच ठिकाणी मोटारीचा आणि माणसाचा प्रत्यक्ष देहसंबंध येतो, जेथे एका घराण्याच्या दोन-तीन पिढ्या आळीपाळीने टेकलेल्या असतात, त्या बैठकीच्या कापडाचा प्रश्न मात्र दुकानाच्या फळीवर दहा मिनिटांत निकालात काढला जातो. इंजिनाचे एक झाकण मूळ साच्याचे मिळावे म्हणून महिनोन् महिने भंगारबाजार धुंडाळणारा, पत्र्याचा पोचा काढताना कारागिराच्या डोक्याशी उभा राहणारा चोखंदळ गृहस्थ नमुन्यांची वही हाती पडताच एकाएकी उतावीळ होतो; रंग डोळ्यांत भरला, भाव परवडला आणि घरच्यांनी मान डोलावली, की तागा फाडला जातो. पुढे दोन पावसाळे गेले, की तेच कापड कोठे पापुद्र्यांनी सुटते, कोठे बुरशीने काळवंडते, कोठे शिवणीच्या रेषेवर उभे चिरते. आणि मग दोष दुकानदाराला, कारागिराला किंवा हवेला दिला जातो. वस्तुतः दोष कोणाचाच नसतो. प्रश्न विचारण्याचा क्रम चुकलेला असतो. तो क्रम नीट लावून द्यावा, एवढाच माफक हेतू धरून प्रस्तुत पुस्तिका सिद्ध केली आहे, आणि तिच्यातील विवेचनामागे कोणती दृष्टी आहे ते सांगण्यासाठी हे प्रास्ताविक लिहीत आहे.

ही पुस्तिका गुंजवण्यात लिहिली गेली, आणि या स्थळाचा तिच्या प्रतिपादनाशी निकटचा संबंध आहे. पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापुराकडे वळावे, विंझर, मार्गासनी, साखर ही गावे मागे टाकावीत, म्हणजे राजगडाच्या पायथ्याशी, पद्मावती माचीवर चोरदरवाजाने चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी हे गाव लागते. येथे चैत्र-वैशाखात ऊन असे पडते, की बंद मोटारीच्या बैठकीवर उघडा हात ठेववत नाही. आणि तीच मोटार आषाढात धुक्याने व पावसाने अशी वेढली जाते, की खाचरांतले पाणी आणि हवेतले पाणी यांत फार भेद उरत नाही. भात झोडून घरात आले, की उंदीरही घरात येतात, आणि छपराखाली उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या बैठकीतला कापूस व काथ्या हे त्यांना बाळंतपणासाठी आयतेच सापडतात. ज्या कापडाने गुंजवण्याचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा मुकाट्याने सोसला, ते पुण्याच्या वाहनतळावर अथवा सोलापूरच्या कोरड्या उन्हात सहसा हार खाणार नाही. म्हणून या गावाला मी कापडाची कसोटी मानले आहे.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. हा मुलूख भोर संस्थानाचा; राजगड, प्रचंडगड, विचित्रगड, सुधागड आणि पवनमावळ असे त्या संस्थानाचे तालुके होते, आणि संस्थानाचे अधिपती पंतसचिव. अष्टप्रधानांतील सचिव, म्हणजेच सुरनीस, याचे काम राजपत्रांतील मजकूर तपासणे, त्यात अधिकउणे काही शिरले असेल तर ते शुद्ध करणे आणि महालांच्या हिशेबांवर नजर ठेवणे हे होते. शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे हे पद वंशपरंपरेने राहिले आणि १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ते नाव टिकले. याच भोर संस्थानात भोर इंडस्ट्रीज या कारखान्याचा जन्म झाला, आणि ज्याला आपण सर्वजण सरसकट रेक्झिन म्हणतो त्या जातीचे लेपकापड व पीव्हीसीचे तक्ते तयार करणारा कारखाना म्हणून त्याचे नाव पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतही नोंदले गेले. १९८९ सालच्या निवाड्यात प्रश्न असा होता, की कापडावर चढण्यापूर्वीची कच्ची पीव्हीसी फिल्म हा स्वतंत्र जिन्नस मानून तीवर अबकारी घ्यावी की नाही. आणि न्यायालयाने असे ठरविले, की जी वस्तू त्या अवस्थेत बाजारात विकली जात नाही आणि जाण्यासारखीही नाही, तिला मालाचा दर्जा देता येत नाही. मजकूर तपासणाऱ्या सचिवांचा मुलूख आणि मोटारीच्या बैठकीला लागणाऱ्या कापडाचा कारखाना हे एकाच गावच्या नावाने ओळखले जावेत, हा योगायोग खरा. परंतु या पुस्तिकेचा सारा विचार त्या योगायोगात सामावलेला आहे. जुनी मोटार हा एक दस्तऐवज आहे, आणि तिची बैठक पुन्हा बांधणाऱ्याने सचिवाचे काम करावयाचे आहे, कवीचे नव्हे.

आता या आसनवस्त्राच्या पूर्वपीठिकेकडे वळू. मोटारीची बैठक ही घोड्याच्या जिनाची आणि बग्गीच्या गादीची वारस होय. आपल्याकडील जुन्या राज्यकारभारात कारखान्यांची मांडणी होती आणि त्यांत जीनखाना, फरासखाना, जामदारखाना अशी खाती वेगवेगळी होती. म्हणजे बसण्याच्या चामड्याचा हिशेब एका दप्तरात आणि अंथरण्या-पांघरण्याच्या कापडाचा दुसऱ्या दप्तरात ठेवला जाई. युरोपात मोटारीचे सांगाडे बांधणारे जे पहिले कारागीर होते ते बग्ग्या बांधणाऱ्यांच्या पेढ्यांतूनच आले, आणि त्यांनी एक शिरस्ता पाडला, जो आजच्या समजुतीच्या नेमका उलट आहे. बंद मोटारीत मागे धनी बसे, त्याच्यासाठी उंची लोकरी कापड, बेडफर्ड कॉर्ड किंवा मऊ ब्रॉडक्लॉथ. आणि पुढे उघड्यावर, पाऊसपाण्यात सारथी बसे, त्याच्यासाठी चामडे. कारण चामडे पुसून घेता येई, आणि सारथ्याच्या अंगावरचे पाणी त्याला बाधत नसे. चामडे म्हणजे वैभव आणि कापड म्हणजे काटकसर ही समजूत पुढील काळातली आहे. लंडनच्या कॉनॉली बंधूंनी १८७८ साली सुरू केलेल्या पेढीचे चामडे रोल्स-रॉइससारख्या गाड्यांत जाऊ लागले आणि त्याची कीर्ती झाली, हे खरे. तथापि म्हणून प्रत्येक जुन्या गाडीला चामडे शोभते असे मानणे म्हणजे प्रत्येक जुन्या वाड्याला संगमरवर शोभतो असे मानण्यापैकीच आहे.

चामड्याची नक्कल करणारे कापड विसाव्या शतकाच्या प्रारंभी पुढे आले. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचे थरावर थर देऊन वर चामड्याचे कंगोरे उमटवावयाचे, अशी त्याची रीत. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात तयार होणारे रेक्झिन त्यांपैकीच. पुस्तकांच्या बांधणीत, आगगाडीच्या डब्यांत आणि मोटारींच्या दारांवर ते सर्रास दिसू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर नायट्रोसेल्युलोजची जागा पीव्हीसीने घेतली. कापड अधिक लवचिक, पाण्याला दाद न देणारे आणि ज्वालाग्राहीपणात पुष्कळ सौम्य झाले, पण लोकांच्या तोंडी नाव जुनेच राहिले.

आणि नेमक्या याच काळात हिंदुस्थानची मोटार जन्माला आली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० च्या निरनिराळ्या आवृत्त्या बाहेर पडल्या. १९६४ नंतरची डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाणारी गाडी ही त्यांतली सर्वांत परिचित. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५७ पासून २०१४ पर्यंत अँबॅसडर निघत राहिली. महिंद्रांनी विलिस जीप जुळविण्यास व पुढे बनविण्यास आरंभ केला आणि तीच जीप वेल्हे-भोरसारख्या डोंगरी तालुक्यांत मामलेदारापासून कंत्राटदारापर्यंत सर्वांचे वाहन झाली. या गाड्यांच्या बैठका रेक्झिनच्या होत्या. फियाट आणि अँबॅसडर यांची पुढची बैठक एकसंध बाकासारखी, गिअरचा दांडा सुकाणूच्या दांड्याला जोडलेला, त्यामुळे पुढे तिघे सहज मावत. खाली स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट, त्यावर काथ्याची किंवा कापसाची गादी, आणि सर्वांवर रेक्झिनचा अभ्रा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून लाखो लोकांनी ज्या बैठकीवर आपल्या नोकऱ्या, लग्ने आणि दवाखाने गाठले ती बैठक हीच; त्या पद्मिनी टॅक्सींची कारकीर्द ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईत संपुष्टात आली, आणि कालपर्यंत रस्त्यावर घासली जाणारी वस्तू एका रात्रीत संग्रहालयाची झाली.

येथेच माझा पहिला आणि मुख्य मुद्दा उपस्थित होतो. आज फियाट किंवा अँबॅसडर नव्याने सजविणारे अनेक हौशी लोक तिला खरे चामडे चढवितात, त्यावर चौकटीची शिवण घालतात, कडेला परक्या रंगाचा गोट फिरवितात, आणि गाडीचा सन्मान केला असे समजतात. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. परंतु जो मान गाडीला कधी नव्हता तो तिच्या नावावर मागाहून चढविणे याला दप्तराच्या भाषेत बनावट म्हणतात. मध्यमवर्गाने परवाना काढून, वर्षानुवर्षे वाट पाहून, कर्जाचे हप्ते फेडून घेतलेली ती गाडी होती. तिच्या रेक्झिनमध्ये त्या काळाचे अर्थशास्त्र शिवलेले आहे. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या अभ्यासकांनी आपल्याला एवढे तरी शिकविले, की जुन्या कागदावरील अक्षर पुसट असले तर ते पुसट म्हणून छापावे, त्यावर आपली शाई फिरवू नये. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या फिवाने, तूरिनच्या नावाने जी सनद स्वीकारली, तिचेही सार हेच आहे: जे आहे ते आधी राखावे, राखणे अशक्य झाले तरच बदलावे, आणि बदलले तर त्याची नोंद ठेवावी.

मूळ कापड कोणते होते हे ओळखावे कसे? स्मरणावर विसंबू नये. घरातल्या तीन माणसांना एकाच गाडीचे तीन रंग आठवतात. पुरावा गाडीतच असतो. बैठकीच्या तळाशी जेथे अभ्रा दुमडून तारेच्या कड्यांनी सांगाड्याला बांधलेला असतो, पाठीच्या मागच्या घडीत, दाराच्या पुठ्ठ्यामागे वळविलेल्या कडेला आणि गोटाच्या आतल्या पदरात ऊन कधी पोहोचलेले नसते. तेथे मूळ रंग आणि मूळ कंगोरा जसाच्या तसा सापडतो. अनेकदा तर एकावर एक असे दोन-तीन अभ्रे निघतात, कारण आपल्याकडच्या काटकसरी कारागिरांनी जुना उसवण्याऐवजी त्यावरच नवा चढविलेला असतो. अशा वेळी घाई न करता एकेक थर उलगडावा, प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे, बैठकीवर शिवलेल्या नळ्यांची रुंदी आणि टाक्यांचे अंतर मोजून लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढील सर्व निर्णय त्यावर उभे आहेत.

मूळ कापडाचा निर्णय झाल्यावर दुसरा साक्षीदार उभा राहतो, तो म्हणजे हवा. आणि हिच्या बाबतीत भावनेचा काही उपयोग नाही, धाग्यांचे गुणधर्मच पाहावे लागतात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो, लोकर सुमारे १६ टक्के, आणि पॉलिएस्टर अवघे ०.४ टक्के. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, की बुरशीला अनुकूल काळ येतो. आणि गुंजवण्यात आषाढ-श्रावण म्हणजे असा अखंड काळच असतो. सुताचा मूळ घटक बुरशीचे खाद्यच असल्यामुळे निव्वळ सुती बैठक येथे टिकत नाही. लोकर पाणी पिऊनही कोरडी भासते हा तिचा थोर गुण, परंतु तिला कसर लागते. पॉलिएस्टर स्वतः बुरशीला खाद्य पुरवीत नाही, मात्र त्यावर साचलेला घाम आणि धूळ पुरवितात. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की मग सर्वत्र पॉलिएस्टरच घालावे. तसे नाही, कारण जो धागा पाणी पीत नाही तो माणसाचा घामही पीत नाही, आणि वैशाखात नसरापुरापर्यंत जाऊन येणाऱ्याच्या पाठीला ते लगेच कळते.

लेपकापडांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण फसगत येथेच सर्वाधिक होते. बाजारात आज दोन मुख्य जाती मिळतात: पीव्हीसीच्या लेपाचे आणि पॉलियुरेथेन, म्हणजे पीयूच्या लेपाचे. पीयूचे कापड हाताला मऊ, दिसायला अस्सल चामड्यासारखे आणि भावाने बहुधा चढे असते. म्हणून ते श्रेष्ठ असे विक्रेता सांगतो आणि गिऱ्हाइकाला पटते. परंतु पीयूच्या सामान्य जातींना दमट उष्ण हवा मानवत नाही. पाण्याच्या वाफेने लेपातील रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटून बसणाऱ्याच्या कपड्यांना चिकटू लागतात. पॉलिकार्बोनेट जातीचे पीयू यास पुष्कळ टिकते, पण ते मागून घ्यावे लागते. पीव्हीसीला पाण्याचे हे भय नाही. त्याचा शत्रू ऊन. त्याला मऊ ठेवण्यासाठी जे तेलकट द्रव्य मिसळलेले असते ते उष्णतेने हळूहळू उडून जाते, समोरच्या काचेवर आतून धूसर थर धरते, आणि कापड ताठर होऊन प्रथम शिवणीच्या रेषेवर तडकते. म्हणजे सावलीत ठेवता येणाऱ्या परंतु ओल टाळता न येणाऱ्या गाडीला, अर्थात आमच्या खोऱ्यातील बहुतेक गाड्यांना, जुने साधे पीव्हीसीचे रेक्झिनच अधिक मानवते. गाडीचे सत्य आणि हवेचा कौल येथे एकाच बाजूला पडतात, याचे मला नेहमी समाधान वाटते.

रेक्झिन घेताना पालथे करून पाहावे. अस्तर विणलेले असेल तर ते ताणले जात नाही आणि सपाट बैठकीवर वर्षानुवर्षे झोळ येऊ देत नाही. अस्तर गुंफणीचे, म्हणजे बनियनच्या कापडासारखे असेल तर ते वळणांवर सुरेख बसते, पण सपाट जागी ढिले पडते. जुन्या फियाटच्या सरळ बाकाला पहिले योग्य, गोलसर पाठीच्या गाडीला दुसरे. लागणारे सर्व कापड एकाच ताग्यातून घ्यावे. दुसऱ्या ताग्याचा रंग दुकानात जुळतो आणि उन्हात जुळत नाही. नळ्यांची बैठक असेल तर घड्यांत जाणारे कापड आधीच हिशेबात धरावे, आणि एका दाराच्या पुठ्ठ्यापुरता तुकडा पुढील दुरुस्तीसाठी गुंडाळून राखून ठेवावा.

विणलेल्या कापडांबाबत विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, घर्षणाची. मार्टिंडेल नावाच्या यंत्रावर कापड ठराविक दाबाने घासतात. २५ ते ३० हजार घासण्यांपलीकडे ज्याचा धागा तुटत नाही ते नित्य बसण्याच्या जागी चालते. दुसरी, रंगाच्या पक्केपणाची. उन्हापुढील टिकाव निळ्या लोकरीच्या १ ते ८ अशा मापाने मोजतात. पडद्याला ५ चालेल, मोटारीला ६ हून कमी घेऊ नये. तिसरी, आगीची. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या नियमाने मोटारीच्या आतील कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरहून अधिक वेगाने जळता कामा नये. आपल्याकडेही अशाच धर्तीची मानके आहेत, आणि १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेमुळे वाहनपरीक्षणाची परंपरा आपल्या दारातच आहे. घरगुती सोफ्याच्या कापडाला ही तिसरी अट बहुधा लागू नसते. म्हणून सोफ्याचे कापड कितीही मनात भरले तरी ते मोटारीत नेताना दहादा विचार करावा. जुन्या गाडीत विजेच्या तारा जीर्ण असतात आणि बैठकीखाली त्या जातच असतात.

आता एका मोहाविषयी. आपल्या देशी विणकामाचे वैभव एवढे आहे, की खण, हिमरू, सोलापुरी चादर, धनगरी घोंगडी यांपैकी एखादे वस्त्र जुन्या मोटारीला नेसवावे असे कोणालाही वाटेल. मुंबईत २०१५ साली टॅक्सी फॅब्रिक या उपक्रमाने तरुण आरेखकांची चित्रे काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या बैठकांवर आणि छतांवर आणली. रोज हजारो डोळ्यांसमोरून जाणारी जागा कलेला मिळाली, हे त्याचे यश निर्विवाद. परंतु तो चालत्या टॅक्सीवरचा, आपल्या काळाचा नवा उद्गार होता. जतनाचा दावा त्याने केलेला नव्हता. हिमरूच्या पाठीवर नक्षीचे धागे लांबच लांब मोकळे राहतात, खणाचा पोत चोळीसाठी विणलेला, घोंगडीची दख्खनी लोकर पाऊस झेलणारी खरी पण उघड्या पोटऱ्यांना बोचणारी. बसण्याउठण्याची रोजची ओढ सोसणे हे यांपैकी एकाचेही विहित कर्म नव्हे. त्यांना मोटारीत स्थान द्यावयाचे तर ते काढता-घालता येणाऱ्या खोळीच्या रूपाने द्यावे.

खोळ हा या पुस्तिकेचा एक प्रमुख उपदेश आहे. सरकारी अँबॅसडरच्या मागच्या बैठकीवर पांढरी खोळ आणि तिच्यावर पांढरा टर्किश टॉवेल असे. लोकांनी त्याची पुष्कळ थट्टा केली, परंतु त्या शिरस्त्यात हवामानाचे शहाणपण होते. खाली रेक्झिन पाण्यापासून गादीचे रक्षण करी, वर सूत घाम टिपून घेई, आणि आठवड्याने धोब्याकडे जाई. ज्याला मूळ बैठकीचा मान राखावयाचा आहे आणि तिजवर बसावयाचेही आहे, त्याने हीच तजवीज करावी. पावसाळ्यात खोळ काढून ठेवावी, काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात, उघडीप मिळाली की बैठका बाहेर काढून वाऱ्यावर धराव्यात. गादीत काथ्या असेल तर उंदरांचा बंदोबस्त भात कापणीपूर्वीच करावा.

सर्वच जुन्या गाड्या रेक्झिनच्या नव्हत्या, हे मी विसरलेलो नाही. युद्धकालीन जीपची बैठक जाड कॅनव्हासची होती, आणि तिला पाणीरोधक प्रक्रिया केलेला कॅनव्हासच द्यावा. संस्थानिकांच्या ज्या गाड्यांना मुळात चामडे होते त्यांना चामडेच द्यावे, आणि ते बुरशीपासून राखण्याचा खर्चही पत्करावा. ज्यांना लोकरी कॉर्ड होती त्यांना लोकर द्यावी. नियम एकच: गाडीला तिच्या दर्जाचे वस्त्र द्यावे, चढवूनही नव्हे आणि उतरवूनही नव्हे. जेथे मूळ कापड आपल्या हवेत खरोखर जगत नाही, तेथे त्याच पोताचे आणि त्याच रंगाचे टिकाऊ कापड घ्यावे, आणि तसे केल्याचे गाडीच्या कागदांत लिहून ठेवावे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे देण्याचे नियम केले. त्यांत सांगाडा, वरचा पत्र्याचा साचा आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. बैठकीच्या कापडाचा त्या व्याख्येत उल्लेख नाही, म्हणून कापडाबाबत मोकळीक आहे असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते जेथे कायदा बोलत नाही तेथेच मालकाच्या विवेकाची परीक्षा असते.

शेवटी कारागिरांविषयी. पुण्याच्या नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांचा बाजार आहे. त्या बाजाराच्या आसऱ्याने आणि हमरस्त्यावरच्या गॅरेजांच्या आडोशाला बसणारा कुशनवाला हा या विद्येचा खरा आचार्य. रेक्झिनवर टाका फार बारीक घातला तर सुईच्या छिद्रांची ओळ टपालाच्या तिकिटासारखी फाटते. सुती दोऱ्याची शिवण कापडाआधी कुजते, म्हणून पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा पक्का दोरा घ्यावा. गोटाच्या आतली दोरी सुती असेल तर ती पाणी शोषून शिवणीत मुरविते. या गोष्टी मला ग्रंथांनी सांगितल्या नाहीत, गुडघ्याने सांगाडा दाबून, दातांत दोरा धरून काम करणाऱ्या हातांनी सांगितल्या. असा कारागीर बहुधा मालकाच्या इच्छेपुढे मान तुकवितो. त्याला त्याचे मत विचारण्याची रीत पाडली तर निम्म्या चुका दुकानातच टळतील.

पुढील प्रकरणांत क्रमाने मूळ कापडाचा शोध, धागे व लेप यांची परीक्षा, मापे व खरेदी, शिवणकाम, आणि जतन यांचे विवेचन केले आहे. ते वाचून कोणी वेगळ्या निर्णयाला आला तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. निर्णय विचारपूर्वक झाला म्हणजे पुस्तिकेचे काम झाले. वाचकांना विनंती एकच आहे. जुना अभ्रा उसवाल तेव्हा तो भंगारात देऊ नका. त्याचा वीतभर तरी तुकडा, गोटासह आणि शिवणीसह कापून, गाडीचे नाव, क्रमांक आणि उसविल्याची तारीख लिहिलेल्या पाकिटात घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. नवे कापड कितीही काळजीपूर्वक निवडलेले असले तरी तो आपला अंदाज आहे; पुरावा तो तुकडाच आहे, आणि पुढे जो कोणी ही गाडी सांभाळील त्याचा त्यावर हक्क आहे.

गुंजवणे, जि. पुणे